श्वासाएवढी जागा

ते एकोणीसशे एकोणसाठ साल. नोव्हेंबर लागला होता आणि सरोवरावरचा वारा शिकागोच्या दक्षिण भागातल्या घराघरांच्या खिडक्या हलवून बघत होता. सत्तेचाळिसाव्या रस्त्यापासून जरा आत, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात ओझेला स्टोक्स कोलार्डची पानं धूत उभी होती, आणि भिंतीतल्या कपाटात कुणी परका माणूस सॅक्सोफोन वाजवत होता.

परका म्हणजे तिचा नवराच. लेम रोज सकाळी त्या कपाटात शिरायचा, दार ओढून घ्यायचा आणि हिवाळी कोटांच्या गर्दीत उभा राहून वाजवायचा. कोट आवाज पिऊन टाकतात. एरवी खालच्या मजल्यावरच्या मिसेस टॉलिव्हर झाडूचा दांडा छताला हाणायच्या. लग्नापासून ओझेलाच्या सकाळी अशाच गेल्या होत्या: नळाचं पाणी, कढईतली चरबी, आणि लोकरीमागून येणारा टेनर सॅक्सोफोन. त्या आवाजाकडे ती लक्षही देत नसे. आपल्या छातीच्या ठोक्यांकडे कोण लक्ष देतं? पण त्या दिवशी पानाच्या देठावरून अंगठा फिरवता फिरवता तिच्या मनात सहज आलं, हा कोण वाजवतोय? आणि मग तिचे हात पाण्यातच राहिले. तिने नळ बंद केला. कपाटातला माणूस एक ओळ वाजवून थांबला. पुढची ओळ सुरू झाली. तोच आवाज होता, पण तो तिच्या माणसाचा नव्हता. रात्री शेजारी झोपलेल्या नवऱ्याचा चेहरा उशीवर वेगळाच दिसावा, तसं तिला झालं. तिने नळ पुन्हा सोडला आणि नको तितका मोठा सोडला.

दार उघडून लेम बाहेर आला. कपाळावर घाम, खांद्यावर तिच्या निळ्या कोटाचा धागा. "ऐकलंस?" त्याने विचारलं.

"पाणी चालू होतं," ती म्हणाली.

खुर्चीवर बसून वाद्याच्या तोंडाला लावलेली वेताची पट्टी त्याने काढली, उजेडात धरून पाहिली. "दात," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचे तरी दात घालून मी वाजवतोय, दुसरं काय होणार!"

वसंतात त्याचे वरचे सगळे दात काढले होते. सॅक्सोफोनवाल्याचे दात म्हणजे घराचा पाया. वरचे दात वाद्यावर टेकतात, खालचा ओठ उशी होतो, आणि मधून माणूस स्वतःला आत ओततो. नवी कवळी बसेपर्यंत ओझेलाने त्याला मक्याची पातळ पेज आणि कुस्करलेली रताळी घातली. कवळी आली तेव्हा तो आरशापुढे उभा राहून म्हणाला होता, "ओझी, मी विमा विकणाऱ्यासारखा दिसतोय." ती हसली होती. तेव्हा हसणं सोपं होतं, कारण तेव्हा वाजवायचं काही नव्हतंच. तो ज्यात वाजवायचा तो हॉलिस क्रेगचा बँड आदल्या वर्षी मोडला होता. सोळा माणसं, एक बस, सोळा जणांचे कोट इस्त्री करायचे. एवढ्या माणसांना पोसणारी नाचघरं आता राहिली नव्हती. लोक घरी बसून टेलिव्हिजन बघत होते.

अशाच एका नाचघरात तिने त्याला पहिल्यांदा ऐकलं होतं. पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. एकोणीसशे चाळीसचा सुमार, ती मिसिसिपीहून नुकतीच आली होती आणि कपडे धुण्याच्या दुकानात इस्त्रीवर काम करत होती. मावसबहिणीबरोबर ती खांबामागे उभी होती. पुढे नाचणाऱ्यांची भिंत, रंगमंच दिसत नव्हता. पितळी वाद्यं ओरडत होती, आणि त्यांच्या खालून, पाच सॅक्सोफोनच्या घट्ट विणीतून, एक धागा तिला वेगळा ऐकू आला. ओल्या लोकरीवर गरम इस्त्री टेकवली की जी वाफ वर येते, जरा जळका, जरा गोड वास घेऊन, तसा तो आवाज होता. "त्यातला एक जण बघ कसा वाजवतोय," ती बहिणीला म्हणाली. बहीण म्हणाली, "कोण? सगळे मिळून एकच तर वाजतंय!" नाच संपल्यावर ती मुद्दाम मागच्या दाराशी गेली. पाच जण वाद्यांच्या पेट्या घेऊन बाहेर आले आणि ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली, जणू कुणाच्या ओठांवरून वाफ निघतेय ते दिसेल. लेम शेवटी आला. "काय हरवलंय, बाई?" त्याने विचारलं. पुढे त्या दोघांनी हे वाक्य घरात फार वापरलं.

क्रेगच्या बँडच्या दोन एल.पी. रेकॉर्डी निघाल्या. वेष्टणाच्या मागे बारीक अक्षरांत नावांची रांग होती आणि त्या रांगेत कुठेतरी लेम्युएल स्टोक्स. एकट्याने वाजवायचा तुकडा त्याला एकाही गाण्यात नव्हता. ते सगळे मुख्य ऑल्टोवाल्याला, म्हणजे वरच्या सुरातला सॅक्सोफोन वाजवणाऱ्याला मिळत. मुख्य ऑल्टो म्हणजे कॅल्व्हिन रेंफ्रो, ज्याला सगळे डीकन म्हणत. चर्चचा वडीलधारा तो मुळीच नव्हता. त्याने चर्चमध्ये पाऊल टाकलं तर छप्पर खाली येईल म्हणून त्याची बायको फ्लोरीन त्याला पायरीवरच उभं करायची. पण तो काळ्या सुटाशिवाय घराबाहेर पडत नसे. अठरा वर्षं लेम त्याच्या उजव्या हाताला बसला. बँडमध्ये एक रीत होती, कुठे लिहिलेली नव्हती. मुख्य ऑल्टोच्या आधी कुणी श्वास घ्यायचा नाही. डीकनचा खांदा उचलला की पाचही छात्या भरायच्या, तो उतरला की पाचही सूर एका धारेने पडायचे. नवा माणूस दोनदा चुकला की डीकन पुढे बघतच म्हणायचा, "पोरा, माझ्या नाकाने श्वास घे."

शेजारणी ओझेलाला चिडवायच्या. "पाच जण एकदम फुंकतायत, त्यात तुझा कुठला गं?" ती फिरत्या रेकॉर्डवर बोट नाचवून सांगायची, "हा. खालून दुसरा. आत्ता हसला तो, ऐकलंस?" त्या खिदळायच्या. पण ती खरंच सांगत होती.

त्या वर्षीच्या जुलैमध्ये डीकन न्हाव्याच्या खुर्चीत, तोंडाला साबण फासलेला असताना, गेला. लेमने शवपेटीला खांदा दिला, फ्लोरीनकडे रोज जेवणाचा डबा नेला, तिच्या छपराची गळती काढली. रडला नाही. डीकनबद्दल एक शब्दही बोलला नाही. ओझेलाने विचारलं नाही. मोठी माणसं आपापल्या वेळेने बोलतात, तिला वाटलं.

मग ऑक्टोबरात अ‍ॅल्टन बीम आला. ड्रमवाला, पंचविशीचा, अंगात नसलेला भपका कोटात. एका लहान रेकॉर्ड कंपनीने त्याला पाच जणांची रेकॉर्ड करायला सांगितलं होतं आणि त्याला लेम हवा होता. लहानपणी रंगमंचाच्या कडेला बसून त्याने क्रेगचा बँड ऐकला होता. "पॉप्स, तुमचा आवाज मला त्या ढिगाऱ्यातूनही ऐकू यायचा," तो म्हणाला, आणि ओझेलाने त्याच्या बशीत रताळ्याच्या गोड पाईचा दुसरा तुकडा वाढला.

"वेष्टणावर तुमचं नाव माझ्या खालोखाल. मोठ्या अक्षरांत. पाचच जण: ट्रम्पेट, पियानो, बेस, मी आणि तुम्ही."

"आणि बाकीचे कुठे बसणार?" लेमने विचारलं.

अ‍ॅल्टन पोट धरून हसला. लेमने विनोद केला नव्हता, हे एकट्या ओझेलाला कळलं.

"मिस ओझेला," जाताना अ‍ॅल्टन म्हणाला, "असली पाई खाल्ली की माणसाला लग्न करावंसं वाटतं."

"कर की! पण ते ढोल कुठे झोपवायचे, ते आधी विचार तिला."

तर आता लेमला पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा जागा मिळणार होती, जिथे तो एकटा ऐकू येईल. जिथे कुणालाही बोट नाचवून सांगावं लागणार नाही. आणि नेमका आत्ता तिचा तो धागा हरवला होता. ओझेला आता शिंप्याच्या दुकानात शिवणयंत्रावर बसे, कुणाच्या तरी पँटची शिवण उसवे आणि मनात तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐके. काय बदललंय? बसमध्ये काचेवरच्या धुक्याकडे बघत ती ओठ मिटून त्याची ओळ गुणगुणायची. लेम दंतवैद्याकडे जाऊन कवळी घासून आला. जाड पट्टी लावली, पातळ लावली. एके दुपारी तो बाहेर असताना तिने बँडची जुनी रेकॉर्ड लावली, डोळे मिटून त्याला शोधलं आणि मग कपाटातल्या सुराशी मनात ताडून पाहिलं. वाफ तीच होती. जळका वास तोच. दातांनी काही नेलं नव्हतं. मग परकं काय होतं? तिला हे त्याला सांगता येईना. सांगायचं तरी काय? माझा नवरा तूच आहेस, पण तू घरी नाहीस? तो रोज बाहेर येऊन विचारायचा, "आज?" आणि ती म्हणायची, "कालच्यापेक्षा बरं." अठरा वर्षांत ती त्याच्याशी या एका गोष्टीबद्दल कधी खोटं बोलली नव्हती. आता ते तिच्या जिभेवर मीठ जास्त झाल्यासारखं राहायचं.

डिसेंबरातल्या एका दुपारी लेम म्हणाला, "तू पण ये." स्टुडिओ म्हणजे फर्निचरच्या गोदामावरची मोठी खोली. खोली तापवणारे गरम पाण्याचे नळ खडखडतात म्हणून ते बंद ठेवले होते, आणि सगळे कोट घालून बसले होते. ट्रम्पेटवाला बोटं काखेत घालून ऊब देत होता. ओझेलाला भिंतीशी घडीची खुर्ची मिळाली. काचेपलीकडे कंपनीचा माणूस होता, गोरा, थकलेला, सभ्य.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मधेच थांबलं. "टेनर मागे पडतोय," काचेपलीकडून आवाज आला. पुन्हा. पुन्हा थांबलं. लेमने मान हलवली, ओठ पुसले. मग अ‍ॅल्टन म्हणाला, ते राहू द्या, संथ गाणं घेऊ. त्या गाण्यात टेनर सुरुवात करतो. बाकीचे मागून येतात. कंपनीच्या माणसाने हात वर केला, फीत फिरू लागली. काही झालं नाही. शांतता लांबली. पियानोवाल्याने वर पाहिलं. मग लेमचा सूर आला, एका श्वासाएवढा उशिरा. पुढची ओळ, तिच्याही आधी तीच फट. या वेळी कुणी थांबवलं नाही; काचेमागच्या माणसाने बहुधा नाद सोडला होता. गाणं शेवटपर्यंत गेलं. आणि तेव्हा ओझेला ऐकत नव्हती, बघत होती. कपाटाच्या बंद दारामागे तिला जे कधी दिसणार नव्हतं ते इथे उघड्यावर दिसत होतं. प्रत्येक ओळीआधी लेमची नजर डावीकडे जात होती, खांद्याच्या उंचीवर. तिथे एक रिकामी खुर्ची होती. तिच्यावर अ‍ॅल्टनने टोपी ठेवली होती. लेम त्या खुर्चीकडे बघायचा, थांबायचा, आणि मग कुणी हललं नाही की एकट्याने श्वास घ्यायचा.

नोव्हेंबरभर ती आवाजात शोधत होती, आणि हरवलं होतं ते आवाजाच्या आधी होतं.

"दहा मिनिटं," अ‍ॅल्टन म्हणाला. लेम बाहेर जिन्याशी आला. तिथे ताज्या वॉर्निशचा वास भरून राहिला होता. "ही कवळी मी सरोवरात फेकणार आहे," तो म्हणाला. "त्याला सांगतो, कुणीतरी दात असलेला बघ."

"दातांना काही झालेलं नाही, लेम."

"मग काय झालंय? महिनाभर विचारतोय मी तुला."

तिने त्याच्या कॉलरवरचा धागा काढला. तिथे धागा नव्हता. "तू डीकनची वाट बघतोयस," ती म्हणाली. "तो खांदा उचलेल म्हणून थांबतोस."

लेम तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग आला. मग तो जिन्याच्या पायरीवर हळूच बसला, वाद्य मांडीवर आडवं घेऊन, मूल घ्यावं तसं.

"तो येणार नाही," ती म्हणाली. जुलैपासून हे त्या घरात कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

"ते मला ठाऊक आहे गं. पेटी मीच उचलली ना!" वाद्याच्या कळांवरून बोट फिरवत तो म्हणाला, "सुरुवात मी कधी केलीच नाही, ओझी. अठरा वर्षं. तो श्वास घ्यायचा, मी घ्यायचो. चुकलं तर त्याचं चुकायचं, शिव्या त्याला बसायच्या. मला काय, मी आपला मजेत." त्याने नाक पुसलं. "आता मी आधी श्वास घेतला, तर तो गेला. कळतंय का तुला? आत्ता, त्या गोदामावर, माझ्यामुळे तो जाणार."

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. तिला पुष्कळ बोलता आलं असतं. ती म्हणाली, "हो."

तो रडला तेव्हा आवाज झाला नाही. कवळी मात्र हलली, आणि त्याने ती हाताने सावरली, आणि दोघांनाही त्याचं हसू आलं.

आत जाऊन त्याने ते संथ गाणं पुन्हा वाजवलं. नजर समोर. सूर वेळेवर, स्वच्छ, दार लावून घेतल्यासारखा. संपल्यावर ट्रम्पेटवाल्याने मान डोलावली. काचेमागचा माणूस पहिल्यांदा हसला. "हे घ्यायचं," तो म्हणाला.

"मला आधीचं हवंय," अ‍ॅल्टन म्हणाला.

"त्यात टेनर उशिरा येतो."

"उशिरा नाही येत. कुणाची तरी परवानगी घेऊन येतो. मी त्या जागेत ड्रमवर हात ठेवून बसलो होतो, साहेब. माझ्या हाताला घाम सुटला."

"लोक म्हणतील, म्हातारा संपला."

ते खरं होतं. खोलीतल्या सगळ्यांना ते माहीत होतं. लेमच्या नावाची ही एकच रेकॉर्ड. स्वच्छ वाजलेली ऐकली तर उद्या दुसरं कुणी बोलावेल; अडखळलेली ऐकली तर कोण बोलावणार?

लेम पट्टी पुसत होता. "माझ्या बायकोला विचारा," तो म्हणाला.

"मिसेस स्टोक्स ठरवणार?"

"त्यांच्या घरात बाकी सगळं कोण ठरवतं असं वाटतं तुम्हाला?" अ‍ॅल्टन म्हणाला.

सगळे तिच्याकडे वळले. ओझेलाला आपल्या हातातली पर्स फार मोठी वाटू लागली. भाडं, मटण, हिवाळ्याचा कोळसा, सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि तिने ते जाऊ दिलं. "लेम," तिने विचारलं, "तुला कशात बरं वाटलं?"

"बरं?" तो विचारात पडला. "दुसऱ्यात मी चांगलं वाजवलं. पहिल्यात मी एकटा नव्हतो."

"मग पहिलंच," ती म्हणाली.

वसंतात रेकॉर्ड आली. एका रविवारी चर्चनंतर फ्लोरीन आली आणि टोपी न काढताच बसली. ओझेलाने तिला काहीच सांगितलं नव्हतं. ते संथ गाणं लागलं. पहिल्या फटीत फ्लोरीनने मान वर केली. दुसऱ्या फटीत तिचा एक खांदा आपोआप उचलला गेला, जसा झोपेत माणूस कूस बदलतो. तिने खुर्चीचा हात धरला.

"अगं, इथे तो श्वास घ्यायचा," ती म्हणाली. आणि मग, "त्याच्या व्हिस्कीचा वाससुद्धा आला मला." ती हसायला लागली, मग हसणं बिघडलं. लेम उठून खिडकीशी गेला. गाणं संपल्यावर फ्लोरीनने टोपी सारखी केली. "सुरेख झालंय, लेम. पुन्हा लावू नकोस. निदान मी असताना."

रेकॉर्ड फारशी विकली गेली नाही. एका वर्तमानपत्राने लिहिलं की ड्रम तडफदार आहेत, टेनर पेंगतो. कंपनी दोन वर्षांत बुडाली. काचेमागचा माणूस जाहिरातींच्या चाली ध्वनिमुद्रित करू लागला आणि म्हणे त्यात सुखी झाला. अ‍ॅल्टन न्यूयॉर्कला गेला, तिथून कोपनहेगनला, तिथेच लग्न केलं. ढोल कुठे झोपवले ते त्याने कधी कळवलं नाही, पण दर नाताळाला कार्ड येई. फ्लोरीनने एका पोस्टमनशी लग्न केलं आणि जवळच्या गॅरी शहरात राहायला गेली. तो चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा होता, आणि ती म्हणायची, काय सांगू, कंटाळा येतो. लेमला एकट्याने वाजवायला पुन्हा कुणी बोलावलं नाही. तो शनिवारी एका लग्नांच्या बँडमध्ये बसू लागला, दुसऱ्या टेनरच्या जागी, एका तरुण ऑल्टोवाल्याच्या उजव्या हाताला. तो पोरगा फार लवकर श्वास घेतो, अशी त्याची तक्रार असे. बाहत्तरच्या मार्चमध्ये लेम गेला, झोपेत, दात पेल्यात ठेवून.

ओझेला पुष्कळ जगली. मिल्वॉकीला भाचीच्या घरी तिला मागची खोली मिळाली. तिथे ती कधी कधी ते गाणं लावायची. गाणं सुरू व्हायच्या आधी सुईची खरखर, मग ती शांतता. एकदा भाची दारात थांबून म्हणाली, "मावशी, बंद पडलं वाटतं."

"थांब जरा," ओझेला म्हणाली.

त्या फटीत लेम कुणाची वाट बघत होता ते आता तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. तो ज्याची वाट बघायचा, तो कधी आला नाही. ती मात्र तिथे लेमची वाट बघायची, आणि तो दर वेळी यायचा.